फेकता न येणारी बाग

लाल सोडून दुसऱ्या रंगाचं फूल मी कधी लावलं नाही. लोकांना वाटतं, यामागे काहीतरी हळवं कारण असणार. काही नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर एप्रिल-मे महिन्यांत जे जगलं ते मी ठेवलं, मेलं ते उपटून टाकलं, आणि उरलं ते सगळं लाल निघालं.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मोगऱ्याची हौस सांगितली. दोन उन्हाळे मोगरा लाडावून पाहिला. मोगरा उन्हाळ्याचा खरा, पण आमच्या तापल्या गच्चीवर सकाळी कळी धरायचा आणि दुपारी ती करपून पडायची. शेवंती थंडी सरली की मान टाकायची. टिकली ती गावठी जास्वंद, पाच पाकळ्यांची. तिला कुणी विचारो न विचारो, ती रोज फुलायची. टिकली कर्दळ. टिकली गुलबक्षी, कारण ती मातीखाली रताळ्यासारखा कंद धरून बसते. आणि टिकलं मेफूल. हा कांदा वर्षातले कितीतरी महिने मातीत गप्प पडून असतो. डबा रिकामा आहे असं समजून लोक त्यात विड्या विझवतात. मग भर उन्हाळ्यात एक जाड दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला लाल चेंडू फुटतो. पानंसुद्धा मागून येतात.

या सगळ्या झाडांचा स्वभाव एक. वरून जळाली तर खालून परत येतात. दरवर्षी बी आणा, रोप आणा, ही भानगड नाही. दोन खोल्यांच्या संसारात मला असलीच झाडं परवडणार होती.

उन्हाळ्यातली बाग पाण्यावर चालते आणि पाणी तर तळमजल्याच्या नळाला. वर गच्चीपर्यंत बादली न्यायची म्हणजे प्रत्येक जिन्याला दम. म्हणून आमच्या घरात पाणी वाया जात नसे. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, आणि आम्ही मासे खाणारे, त्यामुळे मासळी धुतलेलं. बांगड्याच्या पाण्यावर जास्वंद जशी फुलते तशी कुठल्याही विकतच्या खतावर फुलत नाही. कुंड्या म्हणजे रॉकेलचे डबे, तळाला खिळ्याने भोकं पाडलेले. ते एकमेकांना खेटून ठेवायचे, म्हणजे डब्याची सावली डब्यावर पडते. बाहेरच्या रांगेला ओलं गोणपाट गुंडाळायचं. पाणी उन्हं वर यायच्या आत किंवा कलल्यावर द्यायचं, आणि मुळाशी द्यायचं. उन्हात पानांवर कधी ओतायचं नाही.

एवढं सगळं मी चाळीतल्या बायकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. त्यांनी ऐकलं एकच: वर झाडं आहेत. चाळीत झाडं असली की काय होतं ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल. निर्माल्य येतं.

देवाला वाहिलेलं फूल कचऱ्यात टाकायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. समुद्र दहा पावलांवर नाही. मग टाका झाडाच्या मुळाशी. रोज सकाळी माझ्या डब्यांत सुकलेले हार, दोऱ्यासकट. सुपाऱ्या, हळदकुंकू, अगरबत्तीच्या काड्या, नारळाच्या शेंड्या. त्यात भर गणपतीची. विसर्जन झालं की पाटावर चौपाटीची मूठभर वाळू घरी आणायची रीत आहे. दुसऱ्या दिवशी त्या वाळूचं काय करायचं? वहिनींच्या कुंडीत घाला. चाळीत ज्यांच्याकडे गणपती, त्या सगळ्यांची वाळू माझ्या जास्वंदीत. खाऱ्या समुद्राची वाळू! पहिल्याच वर्षी पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या आणि दसऱ्यापर्यंत झाड वाळून खडखडीत.

मी जिन्यात उभी राहून विचारलं, "माझ्या जास्वंदीत मीठ कुणी घातलं?"

शेजारच्या काकू बाहेर आल्या. सोवळ्याच्या बाई, वयाने माझ्या आईएवढ्या. "मीठ कसलं गं? गणपतीची वाळू ती. तिनं झाड मरेल होय?"

"मेलंय. या, दाखवते."

"मग तुझ्याच हातून काही कमीजास्त झालं असेल."

भांडण करून उपयोग नव्हता. गच्चीत एक फुटका रांजण पडला होता, तो मी कोपऱ्यात ओढून ठेवला आणि सांगितलं, वाळू, निर्माल्य, काय असेल ते यात. पुढचा पावसाळाभर त्यात काही लावलं नाही. पावसाने खार धुऊन नेला, हारबीर कुजून काळी माती झाली. तिच्यात कर्दळ खोचली तर ती माणसाच्या उंचीची झाली. त्यानंतर मी दरवर्षी त्या रांजणातली माती काढून सगळ्या डब्यांत वाटायची. चाळीचा सगळा देवधर्म माझ्या झाडांच्या पोटात जायला लागला.

काकू रोज पहाटे माझ्या जास्वंदीची फुलं गणपतीला नेत. विचारत नसत. देवासाठी फूल घेताना विचारायचं नसतं, असं त्यांचं शास्त्र. माझी हरकत नव्हती. एके दिवशी मात्र त्या लवकर आल्या आणि मी टोप पालथा करत असताना त्यांनी पाहिलं.

"हे कसलं पाणी?"

"बांगड्याचं."

काकूंनी पदर नाकाला लावला. "म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या गणपतीला…"

"इतकी वर्षं तो काही बोलला का?"

त्या दिवसापासून फुलं नेणं बंद. माझ्याशी बोलणंही बंद. कारभाऱ्यांकडे तक्रार गेली की गच्चीवर घाण वास येतो. कारभारी म्हणजे मालकाच्या वतीने भाडं गोळा करणारे, आमच्याच चाळीत पहिल्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. त्यांनी "बघतो, बघतो" म्हणून वेळ मारून नेली. पुढे एका हरताळाच्या दिवशी फुलबाजार बंद होता आणि नेमकी अंगारकी आली. पहाटे मी गच्चीच्या दारात पोचले तर काकू पाठमोऱ्या, जास्वंद खुडत होत्या. मी तशीच खाली उतरले. मी पाहिलं हे त्यांना कळलं असणार, कारण माझी बादली जिन्याला आपटली होती. आम्ही दोघीही त्याबद्दल काही बोललो नाही.

हरताळ तेव्हा नवे नव्हते. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज संध्याकाळी सभा, रोज मिरवणूक, भिंतींवर डांबराने लिहिलेल्या घोषणा. ऑफिसातून आले की आमचे हे चहा तसाच टाकून सभेला. मीही मोर्चाला गेले आहे, सासूबाईंना सांगून आणि न सांगूनही. मुंबई आपली आहे की नाही, यावर आमच्या चाळीत दुमत नव्हतं. ज्या वर्षी रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या वर्षी पलीकडच्या गल्लीतला एक तरुण गेला. त्याच्या आईला मी भाजीवाल्यापाशी रोज भेटायची. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. शब्दांनी ते कमीच होईल.

माझ्या बागेवर गदा आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आमच्या रांगेतल्या बाकीच्या चाळी कौलारू होत्या. सपाट गच्ची एकट्या आमच्या चाळीला, आणि ती थेट रस्त्यावर. रस्त्यात पुन्हा गडबड झाली, कुठल्यातरी घरावरून पोलिसांच्या गाडीवर काहीतरी आलं, आणि दुसऱ्या दिवशी हुकूम आला. रस्त्यावरच्या घरांच्या गच्च्यांवर फेकण्याजोगं काही राहता कामा नये. दगड, विटा, बाटल्या, कुंड्या.

कारभारी प्रत्येक दारात उभे राहून हुकूम सांगत होते. सासूबाईंनी विचारलं, "आमच्या पोह्याच्या पापडांचं काय? वर वाळत घातलेत."

"पापडाला काही म्हटलेलं नाही."

"मग बरं. पापड लागला तर पोलीस मरत नाही."

कारभारी हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमचे डबे उद्या सकाळपर्यंत खाली यायला पाहिजेत. नाहीतर मी माणसं आणून कचऱ्याच्या गाडीत घालणार. पोलिसांचा जमादार संध्याकाळी तपासायला येणार आहे, आणि जबाबदारी माझ्यावर."

"खाली कुठे ठेवू? आमच्या दोन खोल्यांत? की जिन्यात?"

"ते मला विचारू नका."

रात्री जेवताना मी विषय काढला. हे म्हणाले, "काढून टाक गं. हुकूम आहे. उगाच चार डब्यांसाठी पोलीस दारात कशाला?"

जिन्याच्या तोंडाशी चाळीतले आणखी पुरुष उभे होते, सभेहून आलेले, घसे बसलेले. त्यांचंही तेच. हुकूम आहे वहिनी. सध्या दिवस वाईट आहेत वहिनी. पावसाळ्यात पुन्हा लावा.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "अख्खी मुंबई घ्यायला निघालात ना? मग आपल्याच गच्चीवरचे चार डबे सोडायला एवढी घाई कसली?"

एकजण खोकला. सासूबाई आतून म्हणाल्या, "तिच्या नादाला लागू नका. मोगरा लाव म्हणून सांगून मीच थकले."

पावसाळ्यात पुन्हा लावा म्हणणं सोपं होतं. जास्वंदीचं झाड मी काडीपासून वाढवलं होतं. मेफुलाच्या डब्यांत दांड्यांची टोकं नुकती वर आली होती. आणि खरं सांगायचं तर त्या घरात माझ्या मर्जीने चालणारी दुसरी एकही गोष्ट नव्हती. काय शिजायचं, कुणाकडे जायचं, पडदे कुठल्या रंगाचे, सगळं आधीच ठरलेलं. गच्चीच्या त्या कोपऱ्यात काय जगवायचं आणि काय उपटायचं हे मी ठरवत होते. ते मी कुणाच्या सांगण्यावरून कचऱ्याच्या गाडीत घालणार नव्हते.

सकाळी कारभारी दोन हमाल घेऊन वर आले. हमालांच्या खांद्यावर रिकामी पोती. मी आधीच जाऊन रांजणापाशी उभी होते. बायका पापडांची चादर आवरायच्या निमित्ताने जमल्या होत्या.

"बाजूला व्हा वहिनी."

"होते. पण हे कचऱ्याच्या गाडीत टाकणार ना तुम्ही?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू?"

"तेच म्हणते. यात चाळीतल्या सगळ्या घरांचं निर्माल्य आहे. सगळ्या गणपतींची वाळू आहे. तुमच्या घरचीसुद्धा. गेल्या विसर्जनानंतर तुमच्या मंडळींनी स्वतः वर येऊन या रांजणात घातली, वर नमस्कार केला. कचऱ्यात टाकायची असेल तर टाका. पण आधी खाली जाऊन त्यांना सांगून या."

पुढच्या हमालाने डब्याच्या काठाला हात लावला होता. त्याने तो काढून घेतला, धोतराला पुसला आणि दुसऱ्याकडे पाहिलं.

"बाय, खरं हाय?"

"हाताने उकरून बघ."

त्याने उकरलं नाही. पोतं खांद्यावर परत टाकलं. "साहेब, आमी न्हाय हात लावनार. दुसरं काय असंल तर सांगा."

कारभाऱ्यांच्या कपाळावर घाम आला. "मग रीतसर विसर्जन करू. चौपाटीवर नेऊ."

"जरूर न्या. एवढे डबे आणि हा रांजण उचलायला दहाबारा माणसं लागतील. आजपासून रस्त्यावर जमावबंदी आहे, तेवढी माणसं एकत्र चालली तर ती मोडते. पकडून नेलं तर आमच्या ह्यांना तुमच्यासाठी जामीन राहायला सांगेन."

बायकांमध्ये हसू फुटलं. कारभारी चिडले आणि चिडल्यावर त्यांना बरोबर मुद्दा सुचला. "पवित्रपणा कुणाला शिकवता? या डब्यांत तुम्ही मासळीचं पाणी ओतता. सगळ्या चाळीला ठाऊक आहे. माझ्याकडे लेखी नाही पण तोंडी तक्रार आहे. विचारा या काकूंना! मासळीच्या घाणीत कसलं आलंय निर्माल्य?"

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या पापडाच्या चादरीचं टोक धरून उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, संपलं. काकूंनी तक्रार केली होती, हे खरंच होतं, आणि त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या.

काकूंनी चादरीचं टोक सासूबाईंच्या हातात दिलं आणि पुढे आल्या.

"तक्रार केली होती. वास येतो म्हणून. ती मी मागे घेते."

"अहो पण…"

"अंगारकीला माझ्या गणपतीच्या डोक्यावर याच झाडाचं फूल होतं. मी खुडलं, मी वाहिलं. सोवळ्यात. मला चाललं, त्याला चाललं. तुम्ही रविवारी सुरमई आणता ती पिशवी मी जिन्यात दर आठवड्याला ओलांडते. विटाळ नेमका आजच कुठून आला?"

हमालांपैकी एकजण मोठ्याने हसला. कारभारी म्हणाले, "मग जमादाराला काय सांगू? त्याला निर्माल्य नको, त्याला गच्ची मोकळी हवी."

हा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याचं उत्तर मी रात्री पडल्या पडल्या शोधून ठेवलं होतं. गच्चीच्या मध्यावर लोखंडी टाकी होती. जुनी, चौकोनी, कमरेएवढी. नळाला जोर होता त्या काळात तिच्यात पाणी चढायचं. पुढे तळ गंजून चाळणी झाली आणि खाली उतरवण्याची मजुरी कोण देणार म्हणून मालकाने ती तशीच सोडली.

"फेकण्याजोगं नको, असाच हुकूम आहे ना? सगळी बाग मी त्या टाकीत लावते. जमादाराला म्हणावं, ही फेकून दाखव."

"गच्ची खचेल!"

"पाण्याने भरलेली होती तेव्हा नाही खचली ती?"

कारभाऱ्यांनी टाकीवर एकदा हात आपटून पाहिला. मग म्हणाले, "संध्याकाळपर्यंत," आणि हमालांना घेऊन उतरले.

झाडं जागची हलवायला उन्हाळ्यासारखा वाईट काळ नाही. मला ते माहीत होतं, पण निवड नव्हती. तळाला निचऱ्यासाठी काहीतरी भरड हवं होतं. गच्चीवर इकडेतिकडे पडलेले विटांचे तुकडे, दगड, फुटक्या बाटल्यांची बुडं, म्हणजे पोलिसांना नको असलेलं सगळं सामान, आम्ही टाकीच्या तळाशी घातलं. एका फेरीत गच्चीही साफ आणि निचराही. मग माती. सभेला जाणारी दोन पोरं उत्साहाने म्हणाली, वहिनी, चौपाटीवरून पोतंभर वाळू आणतो. मी म्हटलं, वाळूचं नाव काढाल तर तुम्हालाच पुरीन. मागच्या बोळात गटाराचं खणकाम चालू होतं, तिथली माती बायकांनी घमेल्यांनी वर आणली. गल्लीच्या टोकाला व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांचा तबेला होता, तिथून वाळलेली लीद आली. सासूबाई मधल्या जिन्यावर बसून घमेली पुढे सरकवत होत्या आणि प्रत्येक घमेल्याला एकदा माझा उद्धार करत होत्या. शेवटी रांजणातली काळी माती वर पसरली.

आधी कर्दळ लावली. तिला पानं अर्ध्यावर कापून लावलं की ती कुरकुरत नाही. मग गुलबक्षीचे कंद, मेफुलाचे कांदे दांड्यांना धक्का न लावता मातीच्या गड्ड्यासकट. जास्वंद शेवटी, सर्वांत मोठी म्हणून मधोमध. तिची मुळं डब्याला गच्च धरून बसली होती. डबा कापून काढावा लागला. मुळं तुटली. मी फांद्या छाटून गोणपाटाची सावली बांधली.

जमादार संध्याकाळी आला. गच्चीभर फिरला, कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि टाकीपाशी थांबला. "हे काय?"

"बाग."

त्याने टाकीला हाताने धक्का दिला. मग खांद्याने. टाकी हलली नाही. मग त्याने काठी मातीत खुपसली आणि खाली टक् असा आवाज आला.

"खाली दगड आहेत."

"आहेत. निचऱ्याला."

"दगड लपवून ठेवलेत वर माती टाकून. उकरा सगळं."

कारभारी भिंतीला टेकले. चेहरा पांढरा झाला होता त्यांचा. पुन्हा एकदा तीच झाडं त्याच संध्याकाळी उपटली असती तर एकही जगलं नसतं.

मी म्हटलं, "उकरते. पण वर येईल ते तुम्ही हातात घ्यायचं. आम्ही बायकांनी ते एकदा मातीला दिलंय, परत उचलणार नाही."

त्याला कळलं नाही. त्याने काठी हलवून बाहेर काढली. तिच्याबरोबर लाल दोरा आला, दोऱ्याला अडकलेली हाराची कुजकी गाठ आली आणि एक सुपारी टुणकन उडून त्याच्या बुटापाशी पडली. कुंकू लागलेली. जमादाराने बूट झटकन मागे घेतला. खाली वाकून सुपारी उचलली, कपाळाला लावली, काठीने पडलेल्या भोकात परत घातली आणि अंगठ्याने वरून माती दाबली.

"गणपतीतलं काय?"

"सगळ्या चाळीचं," काकू म्हणाल्या.

"राहू द्या मग." जिन्यात शिरताना त्याने कारभाऱ्यांना विचारलं, "ही टाकी नोंदीत काय म्हणून लिहायची?"

"टाकी म्हणूनच लिहा," कारभारी म्हणाले.

जास्वंद वाचली नाही. आठवडाभरात पानं गळाली. नखाने खोड खरवडून पाहिलं, आत हिरवं काही नव्हतं. मी ती उपटून टाकली. मेफुलं मात्र ठरल्या वेळी आली, काही घडलंच नाही अशा थाटात, रस्त्यावरून दिसतील एवढी लाल.

काकू एका सकाळी डालड्याचा डबा घेऊन वर आल्या. त्यात जास्वंदीची काडी, चार पानांची.

"तुझ्याच झाडाची आहे. मागे फांदी मोडून नेली होती. विचारलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"हिला मासळीचं पाणी नाही हो घातलं कधी."

"म्हणून एवढीशीच राहिली."

त्यांनी ती टाकीच्या मधोमध स्वतःच्या हाताने लावली. खाली जाताना म्हणाल्या, "बांगडे आणशील तेव्हा आधी सांगत जा. मी तेवढा वेळ वर येत नाही."

पुढच्या उन्हाळ्यांत ती काडी माझ्या खांद्याला लागली. कर्दळीने टाकीची एक बाजू अडवली. मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा ऐन उन्हाळा होता आणि टाकीतलं सगळं एकदम फुललेलं होतं. गल्लीत तोरणं, रोषणाई, ढोल. सकाळीच चाळीतली पुरुषमंडळी वर आली, पुढे आमचे हे. चौकात महाराजांचा मोठा फोटो सजवायचा होता आणि हारासाठी लाल फुलं हवी होती. मागे ज्यांनी मला पावसाळ्यात पुन्हा लावा सांगितलं होतं ते सगळे होते.

"वहिनी, सगळी द्या. आज नाही म्हणायचं नाही."

मला आनंद झाला नव्हता असं नाही. मीही रात्री झोपले नव्हते. पण झाडांना सकाळचं पाणी मिळालं नव्हतं, कारण नळावर सगळे नाचत होते.

"देते," मी म्हटलं. "तळमजल्यावरून प्रत्येकाने एक बादली आणायची. बादलीमागे एक फूल. घोषणा वर आल्यावर द्या, जिन्यात दम लागतो."

"अगं, आज तरी…" हे म्हणाले.

"तुम्ही पहिले."

ते गेले. मग बाकीचे गेले. अर्धा तास जिन्यात बादल्यांचे आवाज आणि एकमेकांना शिव्या. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि सांडलेल्या पाण्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलत होत्या. एकेकजण वर यायचा, बादली टेकवायचा, फूल घ्यायचा. काकू फुलं खुडून देत होत्या.

सगळ्यांत शेवटी कारभारी आले, नवा कोट घालून, हात हलवत.

"कारभाऱ्यांना फूल नाही का, वहिनी?"

"बादली?"

त्यांनी कोट काढून कठड्यावर ठेवला आणि ते उतरले. प्रत्येक मजल्याला बादली टेकवल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता. वर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. उन्हं चढली होती. त्यांनी बादली उचलून थेट झाडांवर ओतायला घेतली.

"थांबा," मी म्हटलं. "पानांवर नको. मुळाशी घाला."